ट्रायलमास्तरांची सहल

आमच्या ह्यांना सगळा बाजार ट्रायलमास्तर म्हणतो. तोंडावर मास्तर, पाठीमागे ट्रायल. साधा पायजमा शिवायचा असला तरी गिऱ्हाइकाला कच्च्या टाक्यावर शिवलेल्या कपड्यात उभं करतील, आरशासमोर फिरवतील, बसवतील, उठवतील आणि खडूने एक रेघ मारून म्हणतील, परवा या. घाईत आलेला माणूस चडफडत जातो, आणि परवा मुकाट्याने येतो. कारण ह्यांच्या हातचा कपडा बाही लांब झाली म्हणून कुणी परत आणलाय, असं कधी झालेलं नाही. बावीस वर्षं मी त्याच दुकानात काजं-बटणं करते आहे, तेव्हा हे कौतुकाने सांगते आहे की वैतागून, ते माझं मलाच कळत नाही.

लग्न ठरलं तेव्हा ह्यांनी मला समुद्र दाखवायचं कबूल केलं होतं. पहिल्या वर्षी शाळेच्या गणवेशांचं काम आलं, दुसऱ्या वर्षी थोरली झाली, मग मशिनची मोटर जळली, मग धाकटी झाली. समुद्र काय पळून जातोय का, असं हे म्हणायचे. समुद्र नाही पळत हो, वर्षं पळतात, असं मी म्हणायचे आणि पुन्हा काजं करायला बसायचे.

यंदा थोरलीचं शिक्षण संपलं आणि तिने परदेशातल्या एका नोकरीसाठी अर्ज टाकला. गेली तर तीन वर्षं तिकडेच. जेवताना तिने हे सांगितलं, तेव्हा ह्यांचा हात ताटातच राहिला. मग म्हणाले, ती जायच्या आत आपण चौघांनी एकदा समुद्र बघून यायचा. बास. एवढं एक वाक्य बोलायला ह्या माणसाला बावीस वर्षं लागली.

पानगळीचे दिवस ठरले. तेव्हा दुकानात गिऱ्हाईक कमी, किनाऱ्यावर गर्दी नाही, आणि वीस तारखेपासून खोल्यांचं भाडं निम्म्यावर येतं, हे ह्यांनी तिथल्या खोलीवाल्या बाईंना तीनदा फोन करून पक्कं करून घेतलं. निम्म्या भाड्यात चार दिवस बसत होते. मग दुकान बंद झालं की हे कापायच्या मोठ्या टेबलावर खाकी कागद पसरायचे आणि त्यावर सहल आखायचे. किनारा काढायला ह्यांनी आपली नेहमीची वाकडी पट्टी वापरली, त्यामुळे तो हुबेहूब शर्टाच्या मुंढ्यासारखा, बाही जोडायच्या गोलाईसारखा, दिसायला लागला. पाण्यातल्या जुन्या किल्ल्याच्या जागी एक मोठं काळं बटण टाकलं. दीपगृहाला पांढरं बटण, बंदरावरच्या दगडी गोदामांना चार बारकी, खोलीला हूक. धाकटी टेबलावर पोटावर पडून एक रिकामी बॉबिन ह्या बटणापासून त्या बटणापर्यंत फिरवायची. ती बॉबिन म्हणजे आम्ही.

खरं सांगते, मला आधी हसू यायचं. मग कधीतरी मीही हातातलं काम खाली ठेवून बघायला लागले. खोलीवाल्या बाईंना फोनवर खोदून खोदून विचारलेलं हे अगदी हळू आवाजात सांगत जायचे, की इथून गल्ली खाली उतरते, तिच्या पायऱ्या माणसांच्या पावलांनी मधे झिजल्यात, इथे भिंतीत तोफेचा गोळा अजून रुतलेला आहे, आणि इथून वळलं की एकदम सगळं मोकळं. त्या 'मोकळं' शब्दापाशी आले की हे थांबायचे. दुकानात कापडाचा आणि गरम इस्त्रीचा वास असायचा आणि मला मात्र पायाखाली ओलं लागायचं. थोरली त्या वेळी दाराशी उभी राहायची, टेबलाजवळ यायची नाही. मोठी झाली, आता असल्या खेळात तिला काय गोडी, असं मी समजून गेले.

पण ट्रायल घेतल्याशिवाय आमच्या घरात काही होत नाही. त्याच महिन्याच्या पहिल्या रविवारी ह्यांनी सहलीची ट्रायल काढली. मी कपाळावर हात मारून घेतला. पिशव्या भरायच्या, डबा बांधायचा, घराला कुलूप लावायचं, चालत स्टँडवर जायचं, सातच्या गाडीपाशी उभं राहायचं, गाडी सुटली की परत यायचं. किती वेळ लागतो, कोण दमतं, कुठली पिशवी खांद्याला काचते, सगळं कळलं पाहिजे. चांगले कपडे आत्ताच चुरगळायला नकोत म्हणून ह्यांनी चारही पिशव्यांत दुकानातली कतरण, कापून उरलेले तुकडे, भरली, वजनाला बरोबर. सहलीचे पैसे मात्र खरेच घेतले. म्हणाले, खिशात वजन असल्याशिवाय माणसाची खरी चाल कळत नाही.

स्टँडवर आम्ही वीस मिनिटं आधी पोचलो. बाकावर चौघं ओळीने बसलो. समोर गाडी उभी होती, पाटीवर त्या गावाचं नाव. ऊन कोवळं होतं आणि झाडाची पिवळी पानं गाडीच्या टपावर पडत होती. हे डोळे मिटून सांगत होते, आता आपण चढलो, खिडकी धाकटीला, आता शहर संपलं, आता घाट. धाकटी डोलत होती. मीसुद्धा निम्मी घाटात होते. तेवढ्यात थोरलीने माझा हात धरला.

"आई," ती हळूच म्हणाली, "वीस तारखेला मी नसेन."

पत्र येऊन दहा दिवस झाले होते. नोकरी मिळाली होती आणि येत्या आठ तारखेला तिथे हजर व्हायचं होतं. तिने मुदत मागून पाहिली, त्यांनी नाही म्हणून कळवलं. बाबा रोज कागद पसरून बसतात, त्यांना कुठल्या तोंडाने सांगू, म्हणून पोरगी गप्प राहिली होती. तिकडे हे डोळे मिटून घाट उतरत होते.

मला इतका राग आला की कुणाचा आला तेच समजेना. तिचा, ह्यांचा, त्या निम्म्या भाड्याचा, बावीस वर्षं मान खाली घालून काजं करणाऱ्या माझा. मी उभी राहिले आणि ह्यांना दोन वाक्यांत सगळं सांगितलं. ह्यांनी डोळे उघडले. चेहरा असा उतरला की माझ्याने बघवेना. कंडक्टरने घंटी मारली. मी दोन पिशव्या उचलल्या आणि धाकटीला पुढे ढकललं.

"अगं, ही ट्रायल आहे," हे म्हणाले.

"ट्रायल नीट बसली ना? मग उसवायची कशाला? चढा."

आणि आम्ही चढलो. चार पिशव्या चिंध्या घेऊन, अंगावरच्या कपड्यांनिशी. घाट लागला. मग धाकटीने विचारलं, की आपण आता आंघोळीनंतर घालायचं काय, आणि थोरलीला जे हसू फुटलं ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत थांबेना. ते पाणी नुसतं हसण्याचं नव्हतं, हे आम्हा सगळ्यांनाच कळत होतं.

दुपारी उतरलो. ह्यांनी एकालाही रस्ता विचारला नाही. खाकी कागद दुकानातच राहिला होता, पण हे जन्मल्यापासून तिथेच राहत असल्यासारखे पुढे चालत होते. झिजलेल्या पायऱ्या आल्या, भिंतीतला गोळा आला, धाकटीने त्यावर हात ठेवून पाहिला. मग आम्ही वळलो. मी समुद्राबद्दल काय सांगू? कागदावर तो मुंढ्याएवढा होता. इथे त्याला शिवण कुठे दिसतच नव्हती. मी चपला हातात घेतल्या आणि पाण्यात उभी राहिले, आणि कितीतरी वेळ मला माझं नावगाव काही आठवत नव्हतं. हे शेजारी येऊन उभे राहिले. उशीर झाला ना गं, एवढंच म्हणाले. मी म्हटलं, हो, झाला.

वीस तारीख दूर होती, म्हणून खोलीचं भाडं पूर्ण पडलं. चार दिवसांच्या पैशांत दोनच दिवस आले. दुसऱ्या दिवशी ओहोटीला वाळूवरून चालत किल्ल्यात गेलो. तटावर वारा बोचरा होता आणि थोरली पातळ ओढणीत काकडत होती. ह्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. मग खाली मांडी घातली, पिशवी उघडली आणि कतरण दगडावर ओतली. सुई-दोरा ह्यांच्या कॉलरखाली कायम टोचलेला असतो, छोटी कात्री खिशात. कोटाचे उरलेले तुकडे वेगळे काढले आणि तिथेच जाकीट शिवायला घेतलं. राखाडी, निळा, तपकिरी, हाताला लागेल तो. टेप गळ्यातच होती, पण तिला हात लावला नाही. थोरली तोफेला टेकून उभी राहून बघत होती. माझा नवरा शिवताना रडत होता. विचारलं असतं तर वारा डोळ्यांत जातोय म्हणाला असता, म्हणून मी विचारलं नाही. उरलेलं ह्यांनी खोलीवर केलं आणि परतीच्या गाडीत शेवटचा टाका घातला. ट्रायल न घेता ह्यांनी शिवलेला तो एकमेव कपडा.

थोरली ते जाकीट हातावर टाकून सहा तारखेला गेली.

वीस तारखेला हे दुकानात बसले होते. खाकी कागद आता ह्यांनी भिंतीवर लावला होता, बटणं टाचून. सकाळी सातला फोन आला. तिकडे थंडी पडली होती. ती म्हणाली, जाकीट घातलंय, ऑफिसात सगळे कुठून घेतलं विचारतात. मग जरा घुटमळली आणि म्हणाली, बाबा, रागावू नका, पण डावी बाही थोडी लांब झालीय.

ह्यांनी कागदावरच्या किल्ल्याच्या काळ्या बटणाकडे बघितलं.

"असू दे," हे म्हणाले. "दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस. आलीस की ट्रायल घेऊ."