सासऱ्याच्या छातीचा फोटो

"धोंडू कोण?" एक्स-रेच्या खोलीच्या दारातून मी विचारलं.

बाकावरच्या म्हातारीने शेजारच्या माणसाला कोपराने ढोसलं. तो दचकून उठला. "मीच."

स्वतःच्या नावाला एवढं कोणी दचकत नाही. पण रांग मोठी होती. घेतला आत.

महाडच्या एका खाजगी दवाखान्यात मी आया होते. हे कुटुंब पोलादपूरच्या पुढचं, आंबेनळीच्या बाजूच्या वाडीवरचं. म्हातारी, तिचा नवरा धोंडू, मुलगा महादेव, सून सुलोचना. मूल नव्हतं. पुण्याच्या संस्थेने एक मुलगी दाखवली होती. सुलोचना तिथे जाऊन तिला मांडीवर खेळवून आली होती. आता अडलं होतं मेडिकलवर. मेडिकल म्हणजे नवराबायको मूल वाढवण्याइतके धडधाकट आहेत आणि घरात कोणाला लागट रोग नाही, असं डॉक्टरांनी लिहून द्यायचं. एचआयव्हीची टेस्टसुद्धा. ते ऐकून म्हातारी डॉक्टरांवर उखडली होती, "आमी काय तसली माणसं हाव?"

पोटचं मूल व्हायला कोणी सर्टिफिकेट मागत नाही. मागितलं असतं तर निम्मा तालुका ओस पडला असता.

प्लेट वाळली. डॉक्टरांनी ती उजेडाला धरली आणि सगळ्यांना आत बोलावलं.

"धोंडू, फुप्फुसात डाग आहे. टीबी वाटतोय. थुंकी तपासू. हे बरे होईपर्यंत मी सही करणार नाही."

तसा धोंडू घाईघाईने म्हणाला, "डॉक्टर, मी धोंडू नाय! तो माजा भाऊस. मी भिवा."

"मग धोंडू कुठाय?"

"यष्टी स्टँडवर," म्हातारी म्हणाली. "लय खोकतो, म्हनून तितं बसवलाय."

"आणि याला आणलंत?"

"ह्यो कदी खोकत नाय. गडी दांडगा हाय."

"मी नको म्हनत व्हते, आत्याबाय!" सुलोचना रडायला लागली.

"गप गो. तुज्यासाठीच केलं."

डॉक्टरांनी मला स्टँडवर पिटाळलं. धोंडू सावलीत विडी ओढत, खोकत बसला होता.

"चला. तुम्हाला टीबी निघालाय," मी म्हटलं.

"मी तर हितं बसलोय," तो म्हणाला.

त्याचा फोटो काढला. थुंकी तपासली. काही नाही. नुसता विडीचा खोकला. भिवाच्या थुंकीत मात्र जंतू निघाले. राहायला तो शेजारच्या घरात, पण जेवायला रोज यांच्याच चुलीपाशी. डॉक्टरांनी जे होतं ते लिहिलं. संस्थेने कळवलं, भिवा बरा होऊ दे, मुलगी तोवर थांबेल.

टीबीच्या गोळ्या लोक मधेच सोडतात. जरा बरं वाटलं की झालं. भिवाची सोडायची छाती नव्हती. सुलोचना तांब्या घेऊन समोर उभी राहायची, आणि गोळी गिळल्यावर त्याला तोंड उघडून दाखवायला लावायची. थुंकी साफ आली. मुलगी आली.

पुढे एकदा म्हातारी तिला तापासाठी घेऊन आली. मी विचारलं, "ही तीच ना? का ठणठणीत बघून दुसऱ्याची आणलीत?" तिने मला एक शिवी हासडली आणि पोरीचं टोपरं नीट केलं.

खोटेपणा केला म्हणून भिवाचा रोग सापडला आणि पोरगी त्यातून वाचली. हे मी दवाखान्यात कधी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर प्रत्येक पेशंटने चुलता पाठवला असता.