पाण्याचं कलम तोंडी राहिलं

आमच्या गावचा तह मी लिहिला. गाव पहूरच्या पुढे, आणि दोन्ही गल्ल्यांना चालणारा माणूस मी एकटाच, शाळामास्तर. म्हणून मला पारावर बोलावलं. आता निवृत्त होऊन पिंप्राळ्यात राहतो, पण त्या कागदाची लाज अजून गेलेली नाही. जायलाही नको.

भांडण पाण्याचं होतं. टाकी वरल्या गल्लीत, व्हॉल्व्हची चावीही त्यांच्याच माणसाकडे. त्यांना दिवसाआड पाणी, नाल्यापलीकडच्या गल्लीला नवव्या दिवशी. म्हणून दर निवडणुकीत दोन गल्ल्यांची दोन पॅनलं. त्या वर्षी अर्ज भरायच्या दिवशी दगडफेक झाली आणि नाल्यापलीकडच्या माझ्या लंगोटीयाराचा डावा डोळा गेला. मारणारा वरल्या गल्लीच्या पुढाऱ्याचा पुतण्या. मित्राने त्याला चांगला पाहिला होता.

अर्ज मागे घ्यायला दोन दिवस उरले, तेव्हा बैठक बसली. ठरलं असं: निवडणूक बिनविरोध. पहिली अडीच वर्षं सरपंच वरल्या गल्लीचा, पुढची अडीच नाल्यापलीकडचा. पहिल्याच्या राजीनाम्यावर सही आत्ताच घ्यायची, तारीख कोरी ठेवायची, कागद माझ्याकडे. आणि माझ्या मित्राने केस लावून धरायची नाही.

मी पाण्याचं कलम लिहायला घेतलं, तर वरल्या गल्लीच्या पुढाऱ्यांनी हात वर केला. "गुरुजी, पाण्याचं तोंडी राहू द्या. त्याच्यावर बसलो तर आठ दिवस उठणं नही. त्यायचा सरपंच झाला की पाणी येईलच ना!"

आणि मला ते पटलं. अरे, ज्याच्यावरून डोकी फुटली तेवढंच सोडून बाकी सगळं लिहिलं की रे मी! दोन्हीकडच्यांनी मारुतीसमोर बेलभंडार उचलला. पेढे वाटले. पेपरात फोटो आला, त्यात मी मधोमध.

मित्र शेवटपर्यंत राजी नव्हता. मीच त्याच्या मागे लागलो. म्हटलं, "तुझा पोरगा पोलीस भरतीची तयारी करतोय, कशाला कोर्टकचेऱ्या? गल्लीला पाणी येईल." तो म्हणाला, "मास्तर, तू सांगतो म्हनून." वर्षभराने जामनेरच्या कोर्टात त्याने सांगितलं, दगड कोणी मारला ते मला दिसलं नाही. मी मागच्या बाकावर होतो. परतताना एसटीत आम्ही शेजारीच बसलो.

अडीच वर्षं झाली. सरपंच म्हणाला, कामं अर्धवट आहेत, थांबा. मी तो राजीनामा घेऊन तालुक्याला गेलो. तिथले साहेब हसले. म्हणाले, राजीनामा ज्याचा त्याने येऊन द्यायचा असतो, गुरुजी. बेलभंडाराची आठवण दिली, तर सरपंच म्हणे, देवाचं मी पाहून घेईन. पाणी नवव्याचं बाराव्या दिवसावर गेलं.

उन्हाळ्यात व्हॉल्व्हपाशी पुन्हा जुंपली. वरल्या गल्लीतल्या एकाचा हात मोडला आणि तक्रारीत पहिलं नाव मित्राच्या पोराचं. पोरगा तिथे होता, खोटं कशाला बोलू. पण त्याने कोणाला हात लावला नव्हता. भरतीची मैदानी झाली होती, लेखी झाली होती, यादीत नाव लागलं होतं. फक्त चारित्र्य पडताळणी राहिली होती. गुन्हा अंगावर राहिला की नोकरी गेली.

मी तोवर निवृत्त झालो होतो. मित्र पिंप्राळ्याला माझ्या दारात येऊन उभा राहिला. "मास्तर, मी सोडलं होतं त्यायले. आता त्यायले म्हन, तुम्ही बी सोडा."

मी तशीच स्कूटर काढली. पुढाऱ्यांनी चहा मागवला, तब्येत विचारली. मग म्हणाले, "कशाचं सोडलं म्हणता? आमच्या पोरानं मारलंच नव्हतं. त्याचाच जबाब आहे ना कोर्टात."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या द्यायला पाहिजे होत्या, चहा अंगावर फेकायला पाहिजे होता. मी तो पिऊन उठलो.

पोराचं नाव यादीतून गेलं. ते कळल्यावर मी मित्राकडे गेलो. पोरगा ओट्यावर बसला होता. मला पाहून उठला आणि आत निघून गेला. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "पुन्हा बैठक बोलावू. या वेळी पाण्याचं आधी लिहून घेऊ."

मित्राने मान हलवली. "नको मास्तर. मह्या डोळ्यातून रगत चालू होतं ना, तवा ह्या पोरानं धोंडा उचलला होता. मीच त्याचा हात धरला. आता नही धरनार."