चार अंशांवरची केळी

हा किस्सा मी मैत्रिणींना नेहमी अर्धाच सांगते. परदेशात बिझनेसच्या मास्टर्सला माझी निवड झाली, इथपर्यंत. पुढे काय झालं असं कुणी विचारलं की म्हणते, चहा गार होतोय. पण आज तुम्ही हट्टच धरलाय, तर ऐका. हसायचं ते शेवटी हसा, मध्ये नको. मला पटकन राग येतो आणि सगळा घोटाळा त्यातूनच झालेला आहे.

तर, देश कोणता निवडायचा?

साधा प्रश्न वाटतो ना? आमच्या घरात एकदा विचारून बघा! पप्पा म्हणाले, ऑस्ट्रेलिया. का? तर तिथे ऊन असतं, पोरीला सवय आहे. धुळ्याची आत्या फोनवरून म्हणाली, "कॅनडालाच जा गं, आमच्या गल्लीतली तिघं तिथे आहेत." म्हणजे मी सात समुद्र ओलांडून जायचं आणि आत्याच्या गल्लीतच राहायचं! आई म्हणाली, "जिथे भाजी ताजी मिळते तिथे जा."

मी मात्र शिकलेली मुलगी. जळगावला तीन वर्षं कॉलेज केलंय. मी एक्सेलमध्ये तक्ता केला. पाच देश, अकरा रकाने. फी, व्हिसा, नोकरी, हवामान, सगळ्याला गुण. बेरीज केली तर पहिला आला नेदरलँड्स. प्रिंट काढली, लॅमिनेट केली आणि आबांसमोर ठेवली.

आबा म्हणजे माझे आजोबा. पाचोऱ्याजवळ आमची केळीची बाग आहे आणि त्या बागेतलं पान आबांना विचारल्याशिवाय हलत नाही. घरातल्या माणसांचंही तसंच. आबा 'हो' म्हणाले तर मी जाणार, नाहीतर त्या लॅमिनेट केलेल्या कागदाने चूल पेटवायची, तीही नीट पेटणार नाही.

आबांनी कागद उलटा-सुलटा पाहिला.

"तठे केळी व्हस का?"

"आबा, केळीचा काय संबंध?"

"व्हस का नही व्हस?"

"नाही होत! तिकडे थंडी असते! आणि मी मास्टर्स करायला चाललेय, बाग लावायला नाही!"

आबा शांतपणे म्हणाले, "मी त्या देशाशी बोलल्याबिगर हो म्हणणार नही."

आता देशाशी कोण बोलतं, सांगा! मी तसं विचारलंही, जरा मोठ्या आवाजात. त्यावर आबांचं उत्तर तयार. "व्यापारीशी बोलल्याबिगर माल देतो का आपण?"

हे खरं आहे. सावद्याचा व्यापारी आमची केळी परदेशी पाठवतो, पण दर हंगामात त्याला आधी आमच्या ओट्यावर येऊन बसावं लागतं. चहा घ्यावा लागतो. आबा त्याला भावाचं काही विचारत नाहीत. त्याच्या आईची तब्येत विचारतात, मजुरांना जेवायला सुटी किती वेळ देतो ते विचारतात आणि तो बोलत असताना त्याच्या तोंडाकडे बघत राहतात. मग म्हणतात, "कापा उद्यापासून," नाहीतर, "चहा घ्या अजून." दुसऱ्यांदा चहा विचारला की व्यापाऱ्याने समजायचं, उठावं आता.

मी मनात म्हटलं, बसा तुम्ही देशाला चहा पाजत. मी अर्ज टाकला.

इथे तुम्हाला एक कबुली द्यायची आहे. अर्जासोबत एक निबंध लिहायचा असतो, मी कोण, काय केलं वगैरे. त्यात मी लिहिलं होतं, 'गेली तीन वर्षं मी आमच्या कुटुंबाच्या फळनिर्यात व्यवसायाची शीतसाखळी सांभाळते.' म्हणजे काढलेला माल गिऱ्हाइकापर्यंत ठरावीक गारव्यात पोचवायचं काम.

मी! जी चिकाचे डाग कपड्यांवर पडतात म्हणून केळीच्या शेडमध्ये पाय ठेवत नाही! त्या तीन वर्षांत मी बागेत एकदा गेले होते, ट्रॅक्टरवर बसून फोटो काढायला. पण निबंध वाचून मला स्वतःचाच अभिमान वाटला होता.

मुलाखत ऑनलाइन होती, दुपारी अडीचला. वायफाय फक्त पुढच्या खोलीत नीट चालतं, म्हणून सकाळपासून मी घरात जमावबंदी लावली. आईला मिक्सर बंद. पप्पांना बाहेर पिटाळलं. आबांना सांगितलं, "तासभर इकडे फिरकायचं नाही. खोकायचं नाही. माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"बरं," आबा म्हणाले आणि जाऊन बसले ओट्यावर. नेमके खिडकीखाली. हे मला नंतर कळलं.

लॅपटॉप उघडला. एक पांढऱ्या केसांच्या, हसऱ्या प्राध्यापिका होत्या. त्यांच्या शेजारी एक काळा चौकोन, खाली लिहिलेलं 'पॅनल टू'. बाई म्हणाल्या, "माझे सहकारी आहेत, कॅमेरा बंद ठेवून ऐकतील." मी चौकोनालाही छान हसून नमस्कार केला. सगळं बोलणं अर्थात इंग्रजीत, मी तुम्हाला मराठीत सांगतेय.

पाच मिनिटं झकास गेली. मग बाई पुढे वाकल्या. "तुझा निबंध मला फार आवडला. माझं स्वतःचं काम फळांच्या व्यापारावर आहे. मला सांग, तुम्ही केळी किती तापमानाला ठेवता?"

माझ्या डोळ्यांसमोर काय आलं असेल? घरातला फ्रिज.

"चार अंश," मी ठणकावून म्हणाले.

बाईंच्या भुवया वर गेल्या. "चार?"

"चार. कधीकधी तीन."

आणि खिडकीतून आवाज आला, "अवं येडी! काया पडी जातीन बठ्ठ्या!"

आबा एरवी बाहेरच्यांशी मराठीत बोलतात, पण तापले की अहिराणी. आणि आता ते तापले होते. 'बनाना' आणि 'फोर डिग्री' एवढं इंग्रजी त्यांना व्यापाऱ्यामुळे कळतं. बठ्ठ्या म्हणजे सगळ्या; सगळी केळी काळी पडतील, हे त्यांना सहनच झालं नव्हतं.

"कोण आहेत ते?" बाईंनी विचारलं.

आता 'आजोबा' म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? पण नाही! "आमचे… ऑपरेशन्स हेड."

"काय म्हणाले?"

"म्हणाले की चार अंशांचा आम्ही फेरविचार करतो आहोत."

काळ्या चौकोनातून खोकला ऐकू आला.

"बोलाव ना त्यांना!" बाई खुश होऊन म्हणाल्या. मी नाही म्हणेपर्यंत आबा आत आलेसुद्धा. टोपी नीट केली, खुर्ची ओढली, लॅपटॉपसमोर बसले आणि बाईंच्या तोंडाकडे बघायला लागले. सावद्याच्या व्यापाऱ्याकडे बघतात तसंच!

बाई विचारणार, मी आबांना सांगणार, आबांचं उत्तर मी इंग्रजीत करणार. पहिलं उत्तर मी प्रामाणिकपणे केलं. तेरा-चौदा अंश. त्याखाली गेलं की साल काळी पडते आणि फळ धड पिकत नाही. बाई मान डोलावत होत्या, लिहून घेत होत्या. माझ्या वेळी त्यांनी पेन उचललं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "आणि या कामात ही मुलगी काय बघते?"

आबा म्हणाले, "हाई? इनी आजलोंग एक घड उचलेल नही. डाग पडतस म्हनीसन शेडमा पाय ठेवस नही. एकदाव उनथी, ट्रॅक्टरवर बसीसन फोटू काढी गई."

मी सांगितलं, "ते म्हणतात, मी मुख्यतः धोरणात्मक बाजू सांभाळते. एकदा वाहतूक व्यवस्थेची पाहणी करून तिचं छायाचित्रण केलं होतं."

चौकोन खोकला. जरा जोरात.

"स्वभावाने कशी आहे?"

"तोंड भलतं शे इले. मोठासनं ऐकस नही."

"ते म्हणतात, संवादकौशल्य उत्तम. निर्णय स्वतंत्रपणे घेते."

चौकोन इतका खोकला की बाईंनी मध्येच थांबून त्याला विचारलं, पाणी हवं का? मला दया आली हो! म्हटलं, बिचारा, तिकडची थंडी बाधलेली दिसते.

आता आबांची पाळी. "बाईले इचार, तुमनाकडे केळी व्हस का?"

मी विचारलं. काय करणार? बाई हसून म्हणाल्या, एकही झाड नाही. पण जहाजं भरभरून केळी आमच्या बंदरात उतरतात, आम्ही ती पिकवतो आणि शेजारच्या देशांना विकतो.

मी ते आबांना सांगितलं. त्यांनी मांडीवर थाप मारली. "एक झाड नही आनि दुनियाले केळी इकतस? मंग धंदा तठेच शिकाले पाहिजे!"

म्हणजे हो! आबा हो म्हणाले! अकरा रकाने आणि लॅमिनेशन गेलं वाऱ्यावर, पण हो! मी खुर्चीतच उडी मारली.

आबांचं मात्र संपलं नव्हतं. ते बाईंकडे बघत, हळू आवाजात म्हणाले, "पन एक सांगस. हाई घरमा नही ऱ्हायनी ते घर सुनं व्हई जाई. तरी धाडस. इले अठे दाबी ठेवं ना, ते हाईबी काई पडी जाई."

बाई माझ्याकडे बघत होत्या. "काय म्हणाले?"

आणि मला बोलताच येईना. इतका वेळ खोटं भाषांतर कसं झरझर सुचत होतं! हे एकच वाक्य जसंच्या तसं सांगायचं होतं आणि मी लॅमिनेट केलेल्या कागदाचा कोपरा सोलत बसले.

तेवढ्यात काळ्या चौकोनातून, शांत, स्वच्छ इंग्रजीत कुणीतरी म्हणालं, "ते म्हणतात, ही गेली की घर सुनं होईल. तरी पाठवतो. कारण तिला इथे दाबून ठेवलं, तर चुकीच्या थंडीत ठेवलेल्या केळीसारखी तीही काळी पडेल."

माझ्या डोक्यात हळूहळू, एकेक करून दिवे लागायला लागले. त्याला हे कळलं. म्हणजे त्याला 'फोटू' कळलं. म्हणजे त्याला 'तोंड भलतं' कळलं. म्हणजे तो खोकला…

कॅमेरा सुरू झाला. चाळिशीतला एक गृहस्थ, डोळे पुसत होता. हसून की कशाने, देव जाणे.

"आबा, राम राम. मी धुयाना शे."

"धुयाना? कोठला? कोना पोऱ्या?" धुळ्याचा माणूस म्हटल्यावर आबा लॅपटॉपमध्ये शिरायचेच बाकी होते. पुढची दहा मिनिटं ही मुलाखत माझी आहे, हे कुणाच्याही लक्षात नव्हतं. पाण्याची, पावसाची, भरीताच्या वांग्यांची चौकशी झाली. आबांनी त्याला चहा विचारला. एकदाच. पांढऱ्या केसांच्या बाई टाळ्या वाजवत होत्या. आणि मी? शेजारी बसून लॅमिनेट केलेल्या कागदाने स्वतःला वारा घालत होते.

शेवटी धुळ्याचे सर माझ्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "भाषांतर सुंदर करता. फक्त निबंधातही तेच केलंय का, एवढं सांगा."

मी खाली मान घालून म्हणाले, "हो."

मला वाटतं, त्या दुपारी माझं तेवढं एकच उत्तर चाललं.

आठवड्याने मेल आला. प्रवेश मिळाला, पण एका अटीवर. उमेदवाराने एक महिना केळीच्या शेडमध्ये प्रत्यक्ष काम करावं आणि तसं पत्र ऑपरेशन्स हेडच्या सहीने पाठवावं.

ऑपरेशन्स हेडना मी मेल वाचून दाखवला. त्यांनी टोपी नीट केली आणि म्हणाले, "सकाळी सहाले ये. जुने कपडे घाल."

काय सांगू तुम्हाला तो महिना! घड खांद्यावर घेतला की मान आतच जाते. फण्या धुवायच्या, पुसायच्या, खोक्यात अशा रचायच्या की एकीचं टोक दुसरीला लागता कामा नये. आणि चीक! माझ्या तीन ड्रेसांवर असे डाग आहेत की नेदरलँड्समध्ये कुणी विचारलं तर सांगेन, आमच्याकडची नक्षी आहे.

महिना संपला. आबांनी पत्र सांगितलं, मी लिहून घेतलं. मग तेच मला इंग्रजीत करून पाठवायचं होतं. ऐका:

'पोरगी महिनाभर आली. दोनदा रडली, मुकादमाशी तीनदा भांडली, माझ्याशी रोज. एकदाही घरी पळाली नाही. तापमान विचाराल तर आता तेरा-चौदा सांगते. तिच्या डोक्याचं तापमान मात्र आमच्या मे महिन्याचं आहे, ते कमी होत नाही. माल चांगला आहे. पाठवतो. उतरवताना आपटू नका.'

शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं. एक मात्रा इकडची तिकडे केली नाही. काय बिशाद होती माझी!

संध्याकाळी धुळ्याच्या सरांचं उत्तर आलं. आबांच्या नावाने, मराठीत, म्हणजे या वेळी भाषांतराला माझी गरजच नव्हती.

'आबा, पत्र मिळालं. माल हाताने उतरवून घेतो. काळजी नको, चार अंशांवर ठेवणार नाही. डोक्याच्या तापमानाची मात्र हमी घेत नाही, तेवढी शीतसाखळी आमच्याकडेही नाही.'