वाटतं म्हण

सत्तरच्या दशकात मी कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवत होतो. घरात आम्ही दोघेच: निवृत्त शाळामास्तर असलेले वडील आणि अविवाहित मी. त्यांना मी आबा म्हणत असे. लहानपणी मी कोणतेही विधान केले की ते विचारत, "माहीत आहे, की वाटतं?" डबा जड लागला म्हणून त्यात लाडू आहेत, असे म्हणण्याची मला परवानगी नव्हती. झाकण उघडेपर्यंत 'वाटतं' हेच क्रियापद वापरावे लागे.

पुढे त्याच प्रश्नाचे रीतसर शास्त्र माझ्या हाती आले. त्यात माणसाला एक अक्षर असते, विधानाला दुसरे, आणि 'या माणसाला हे माहीत आहे' यासाठी एक चिन्ह. जे माहीत आहे ते खरे असलेच पाहिजे. जे नुसते वाटते ते खोटे निघू शकते. ही चिन्हे एकापुढे एक मांडता येतात. क ला माहीत आहे की ख ला ते विधान माहीत आहे, आणि क ला हे माहीत आहे हेही ख ला माहीत आहे. ही साखळी हवी तितकी लांबवावी. अभ्यासक्रमात हा भाग नव्हता आणि सहकाऱ्यांना त्यात रस नव्हता. फळा रिकामा असेल तेव्हा मी तो स्वतःसाठीच लिहून पुसत असे. ऐकणारे एकटे आबा. जेवताना ते विचारत, "आज तुझा क काय म्हणतो?"

रोज संध्याकाळी आम्ही चरवी घेऊन गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जात असू. तिथे गवळी म्हैस आणून गिऱ्हाइकासमोर धार काढतो. दुधात पाणी नाही हे आपल्याला माहीत असते, कारण आपण पाहतो. आपण पाहतो हे गवळ्याला माहीत असते. आणि त्याला ते माहीत आहे हे आपल्याला. यापेक्षा नेमके उदाहरण मला पुस्तकात सापडले नाही. तसे सांगितल्यावर आबा म्हणाले होते, "म्हणजे तुझं शास्त्र म्हशीलासुद्धा येतं."

मग त्यांची दृष्टी गेली. एकदम नव्हे, कडेकडेने. चहा बशीच्या बाहेर पडू लागला. वर्तमानपत्राची घडी मोडेनाशी झाली. मी त्यांच्या चपला त्यांच्या पायांसमोर नीट लावून ठेवू लागलो, आणि ते न बोलता त्यांत पाय घालू लागले. मला कळले होते; मला कळले आहे हे त्यांनाही कळले होते. बोललो मात्र कोणीच नाही. कारण 'दिसत नाही' हे शब्द उच्चारले असते, तर कट्ट्यावर उभे राहून 'मी पाहिलंय' म्हणण्याचा त्यांचा हक्क गेला असता, आणि आमची दोघांची मिळून उरलेली ती एकच वेळही.

तिथे ते कानाने काम भागवत. रिकाम्या चरवीत धार बारीक वाजते. फेस चढला की आवाज जाड होतो. तो ओळखून ते म्हणत, "भरली. फेस चांगला आहे."

एका संध्याकाळी ते नेहमीसारखे म्हणाले, "भरली. चला."

गवळी मान वर करून बघतच राहिला. "आवं गुर्जी, अजून म्हशीला हातबी लावला न्हाय की! ती धार शेजारची हाय."

पलीकडचे एक गिऱ्हाईक म्हणाले, "गुर्जी कानानं बघत्यात व्हय?"

कट्टाभर हशा पिकला. त्यात दुष्टपणा नव्हता. आमच्या गावात मोठ्याने बोलणे म्हणजे आपुलकीच. आबाही हसले. घरी येईपर्यंत मात्र त्यांनी माझा दंड सोडला नाही, आणि तो त्यांनी यापूर्वी कधी धरला नव्हता.

गवळ्याने नवे काहीच सांगितले नव्हते. पण प्रत्येकाला मनातून माहीत असलेले विधान सर्वांदेखत उच्चारले गेले की, ते ठाऊक नसल्यासारखे वागायला जागा उरत नाही. हे मी फळ्यावर अनेकदा सिद्ध केले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चरवी माझ्या हाती दिली आणि ते खुर्चीतून उठले नाहीत. परतल्यावर त्यांनी विचारले, "समोर काढलं?"

"हो."

"असेल," ते म्हणाले.

काही आठवडे हे 'असेल' ऐकल्यावर मी धीर केला. "आबा, आज चला. एकदा चूक झाली म्हणून काय? धार तुम्हांला आवाजावरून कळते, हे मला माहीत आहे."

"वाटतं म्हण." वर्गातला आवाज होता तो.

"वाटतं," मी म्हणालो.

"आता बरोबर." आणि त्यांनी तोंड भिंतीकडे वळवले.

मी एकटाच निघालो. कट्ट्यावर चरवी दिली आणि डोळे मिटून उभा राहिलो. चहूकडून धारा वाजत होत्या. त्यांतली आमची कोणती, हे मला ओळखता येईना.

"सर," गवळी ओरडला, "कवाच भरली की! ध्यान कुठं हाय?"