झूल घातलेली फटफटी

त्यांच्या खिशात दोन फडकी असत, एक जनावरांसाठी आणि एक फटफटीसाठी. अडलेली गाय सोडवून झाल्यावर हात पुसायला चुकून दुसरं फडकं निघालं, तर ते पुन्हा खिशात जायचं आणि ओले हात तसेच हवेत धरून ते म्हणायचे, "ज्याचं त्याला."

ते आमच्या भागातले ढोरांचे डॉक्टर. पोलीस ॲक्शननंतर जालन्याला आले आणि टेंभुर्णीच्या बाजूची आमची गावं त्यांच्याकडे लागली. आज आमच्या गावात त्यांची एकच गोष्ट सांगतात. पोळ्याच्या दिवशी डॉक्टर नशा करून आला, तोरणाखाली फटफटी चालू केली आणि कोंडिबाचा बैल घालवला. सांगणारे बहुतेक जण तेव्हा जन्मलेही नव्हते. मी तिथे होतो.

आधी ती फटफटी तुमच्या डोळ्यांसमोर यायला हवी. निजामाच्या फौजेतला कुणी अधिकारी हैदराबाद सोडून जाताना ती त्यांच्या हवाली करून गेला होता. त्याचा घोडा यांनी वाचवला होता म्हणे. विलायतेत तसली गाडी बनवणं तेव्हाच कधीचं बंद झालं होतं. सांगाड्याच्या दोन नळ्यांच्या मध्ये बसवलेली चपटी हिरवी टाकी, टाकीच्या कडेला हाताने पाडायचा गिअर, पुढे कार्बाइडवर जळणारा पितळी दिवा. टाकी इतकी घासलेली, की आमच्या न्हाव्याने एकदा तिच्यात बघून स्वतःच्या मिशा कातरल्या. अशी दुसरी गाडी मी पुढे पुण्या-मुंबईतही पाहिली नाही.

ही गाडी त्यांनी चालू ठेवून कधी गावात आणली नाही. ओढ्यापाशी इंजिन बंद करायचे आणि चढावरून वेशीपर्यंत घाम गाळत ढकलत आणायचे. कुणी हात लावायला पुढे झाला तर म्हणायचे, "राहू द्या मालक. हिचा आवाज बैलांना सोसत न्हाई अन् तुमचा हात हिला सोसत न्हाई." लोक हसायचे, बाजूला व्हायचे.

मला मात्र त्यांनी हात लावू दिला होता. मी गावच्या शाळेत नवा मास्तर झालो होतो. पेट्रोलची तोटी कशी उघडायची, ठिणगीचा दांडा किती मागे घ्यायचा, किक कधी मारायची, हे सगळं त्यांनी ओढ्याकाठी मला शिकवलं. "मास्तर, तुम्ही विचारून हात लावता," एवढंच कारण त्यांनी दिलं. घरी येऊन मी ते सगळं माझ्या थोरल्या भावाला, दादांना, सांगत बसायचो. दादा गावचे पाटील. फटफटीकडे ते जसे बघायचे तसे त्यांनी दुसऱ्याच्या बैलजोडीकडेही कधी बघितलं नसेल.

त्या वर्षी पोळ्याला दादांनीच डॉक्टरांना बोलावलं. वेशीत बैल जमत होते. शिंगं रंगवलेली, वशिंडावर झुली. दादांनी चेष्टा केली, की पोळ्याला आलात अन् तुमचा बैल कुठाय? डॉक्टरांनी फटफटीच्या सीटवर थाप मारली. "हा काय."

एवढं पुरे झालं. दादांनी घरून जुनी झूल मागवली. हँडलला घुंगुरमाळ, दिव्याला बाशिंग. कुणीतरी टाकीवर गेरूचे ठिपके द्यायला निघालं तेव्हा डॉक्टरांनी त्याचा हात धरला. बाकी सगळं त्यांनी हसत करू दिलं. फक्त म्हणाले, "मिरवा पाटील. पण मुकी मिरवा."

तेवढ्यात एका बैलाच्या खुरातून रक्त येतंय म्हणून त्यांना गल्लीत बोलावलं. ते गेले आणि दादा फटफटीवर बसले.

तोरणाखाली मानाचा बैल उभा, मागे गावातल्या जोड्या, अगदी खेटून. दादांनी मान वळवून मला विचारलं, "दांडा मागं घ्यायचा का पुढं?"

"मागे," मी म्हणालो.

त्यांनी किक मारली. काही झालं नाही. भोवतालची आमची भावकी हसली, तसे दादांचे कान लाल झाले. पुन्हा मारली, पुन्हा काही नाही. त्यांना तोटी उघडायचं सुचलं नव्हतं. मी गप्प राहिलो असतो तर पायात गोळे येऊन ते उतरले असते. मी वाकलो आणि म्हणालो, "दादा, तोटी."

मग तो आवाज झाला. पहिल्यांदा मानाचा बैल उसळला, मग सगळेच. बायका आरत्या टाकून ओट्यांवर चढल्या. धूळ, तुटलेले घुंगरू, नावं घेऊन हाका. डॉक्टर धावत आले, वाटेत एका हाताने इंजिन बंद केलं आणि न थांबता पुढे गेले. वेशीबाहेरच्या खड्ड्यात कोंडिबाचा तांबडा पडला होता. त्याचा पुढचा पाय बघवत नव्हता. पाय बांधायला एक फडकं पुरेना, तेव्हा त्यांनी दुसरंही काढलं. तांबडा पुन्हा उभा राहिला नाही.

चावडीवर लोक जमले. कोंडिबा रडत नव्हता, नुसता विचारत होता, चालू कोणी केली? जे जवळ होते ते आमच्या भावकीतले, आणि इतरांना धुळीत काही दिसलं नव्हतं. दादा पाटलाच्या जागेवर बसले होते. ते म्हणाले, "फटफटी कोणाची, ते समद्याला ठाऊक हाय."

डॉक्टरांनी दादांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी माझ्या चपलांकडे बघत होतो.

"गाडी माझी," ते म्हणाले. "बैल मी आणून देईन."

ओढ्यापर्यंत मी त्यांच्या मागे गेलो. तिथे तेच बोलले. शेजारच्या गावात जनावरांना घटसर्प लागला होता आणि लस येऊन पडली होती. "पाटलाला खोटं पाडलं, तर तुमच्या गावातलं एक जनावर तरी टोचायला आणतील का मास्तर? ते बोलले तरच आणतील." झूल त्यांनी घडी करून माझ्या हातात दिली.

दादांनी जनावरं आणवली. सगळी टोचली गेली. आमच्या गावात घटसर्प आला नाही. नशेची भर दादांनी पुढच्या पोळ्याला घातली आणि दरवर्षी ती गोष्ट वाढवत नेली. ते सांगायचे तेव्हा मी तिथे असायचो. ते गेले त्याला वर्ष झालं.

फटफटी त्या पोळ्यानंतर लगेच जालन्यातल्या एका शौकीन माणसाने घेतली. त्या पैशात डॉक्टरांनी बाजारातून बैल घेतला, आणि दिवाळीच्या आधी वाटेत मुक्काम करत, कासरा धरून, स्वतः चालत आणला. अंगठा चपलेबाहेर आलेला, टाच फुटलेली. मी कोंडिबाच्या दारात त्यांना गाठलं आणि हळूच म्हणालो, की आता सगळ्यांना सांगून टाकतो.

"त्या दिवशी सांगायचं होतं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, दमलेला होता फक्त. "आता गाडी गेली. आता कशाला तुमचं घर मोडता?"

कोंडिबाची बायको तांब्या घेऊन बाहेर आली. तिने बैलाच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. बैलाला घमेलंभर पाणी ठेवलं. डॉक्टर तिथेच उभे होते, ओठ कोरडे पडलेले. तिने त्यांच्याकडे बघितलं नाही आणि दार लोटून घेतलं.

समोर माझंच घर होतं. आत माठ भरलेला होता. दादा ओसरीवर बसले होते. डॉक्टर थोडा वेळ थांबले, मग जालन्याच्या वाटेला लागले, आणि मी त्यांना पाणी विचारलं नाही.