पायाचा स्टार्टर

आमच्या अंगणात एक जुनापुराणा पेट्रोलचा ट्रक उभा आहे. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो तरुणपणी देवळालीच्या एका लिलावात घेतला. मखमलाबादच्या आमच्या मळ्यातला झेंडू त्याच्यातून बाजारात जायचा, आणि फुलांचे दिवस नसले की लासलगावला कांदा. आता फुलं भाड्याच्या पिकअपमधून जातात आणि ट्रक वर्षातून एकदा चालू होतो, दसऱ्याला. पहिली माळ त्याला, मग दाराला. आणि चालू करायचा तो दादांनीच. दुसऱ्या कुणी स्टेअरिंगला हात लावला तर पुढच्या दसऱ्यापर्यंत ऐकून घ्यावं लागायचं.

या गाडीचा स्टार्टर चावीवर नव्हता, पायाशी होता. चावी फिरवून नुसता करंट द्यायचा, मग उजव्या पायाने खालचा लोखंडी दट्ट्या दाबायचा. तांब्याचे दोन जाड तुकडे एकमेकांना भिडले की बॅटरीची सगळी ताकद इंजिन फिरवणाऱ्या मोटरीत जायची. स्प्रिंग एवढी कडक की मी सगळं अंग टाकलं तरी दट्ट्या अर्धाच खाली जायचा, आणि दादा मिशीतल्या मिशीत हसायचे.

यंदा उन्हाळ्यात दादांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, तेही तुटक तुटक, पण हात आणि पाय जिथल्या तिथे. फिजिओवाल्या मॅडम घरी येतात, तळपायाला हात लावतात आणि म्हणतात, "आजोबा, माझा हात ढकला बरं." दादा खिडकीबाहेर बघत बसायचे. एकदा म्हणाले, "ढकलून करायचं काय?"

गणपती उठले, पितृपक्ष लागला. एका संध्याकाळी पडवीत बसल्या बसल्या दादा म्हणाले, "दसऱ्याला गाडी मीच चालू करीन."

आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. आजारपणानंतर या माणसाने स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. खायला-प्यायला काही मागितलं नाही, कुणाला भेटायचं म्हणाले नाहीत. मागितलं काय, तर हे.

मी सातपूरला कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या कंपनीत वायरिंगचं काम करते. लग्न केलं नाही. का, ते विचारू नका, शेजारच्या काकू रोज विचारतात, तेवढं पुरे. म्हटलं, पायाचं काम हाताला द्यायचं, त्यात काय मोठंसं!

गाडीला हात लावायची ही माझी पहिली वेळ नव्हती. गेल्या वर्षी मी ठिणगी पाडणारे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं, तेव्हा दादा आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते. पॉलिश पेपरने पॉइंट घासणं हे त्यांचं लाडकं काम, आणि तेच मी संपवलं. "दिसत नाय ती कसली ठिणगी?" म्हणायचे. पण त्या न दिसणाऱ्या ठिणगीमुळे गाडी आता पहिल्या फटक्यात उठायची, अॅक्सिलरेटर मारत बसावं लागत नव्हतं. आता त्याचाच उपयोग होणार होता.

त्यासाठी सोलेनॉइड आणायला द्वारका चौकातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "मॅडम, कुठल्या गाडीला?" म्हटलं, "तुमच्या जन्माच्या आधीची आहे तिला." त्याने गुपचूप काढून दिलं. हे सोलेनॉइड म्हणजे मोठ्या करंटचा दरवान. बटणाकडून बारीक तार येते, बटण दाबलं की तो टक् आवाज करतो आणि मोटरीकडची मोठी वाट उघडतो. म्हणजे जोर लावायचं काम त्याचं, माणसाने फक्त बोट टेकवायचं. बटण मी स्टेअरिंगच्या डाव्या बाजूला बसवलं, दादांच्या चांगल्या हाताशी. पायाचा स्टार्टर काढला आणि भोकावर पत्रा मारला.

पडवीतल्या खुर्चीतून देखरेख चालूच होती.

"तार लय बारीक हाय."

"बारीकच लागते, दादा."

"जळंल."

"नाही जळणार."

"जळंल म्हंतो ना!"

जळली नाही. रविवारी मी बटण दाबलं आणि गाडी एका दमात चालू झाली. दादांना म्हटलं, बसून बघता का? मानेनेच नाही म्हणाले. दसऱ्यालाच.

दसऱ्याच्या सकाळी चुलत भावांनी दादांना खुर्चीसकट गाडीपर्यंत नेलं आणि उचलून केबिनमध्ये बसवलं. पांढरी टोपी, कपाळावर गंध, समोर झेंडूची माळ. आईने ओवाळलं, नारळ फोडला. मी बॉनेट उघडून बाजूला उभी होते. दादांनी डाव्या हाताने चावी फिरवली, अंगठा बटणावर ठेवला आणि दाबला.

टक्.

पुन्हा दाबला. पुन्हा नुसतंच टक्. मोटर जागची हलेना. दादांनी अंगठा डोळ्यांसमोर धरला आणि बघत राहिले. मग मान खाली घालून म्हणाले, "जोर नाय राह्यला गं. उतरवा मला."

"उतरायचं नाही!" मी एवढ्या जोरात ओरडले की झाडावरचे कावळे उडाले. "टक् वाजलं म्हणजे अंगठ्याने त्याचं काम केलं. तुमचा हात चांगला आहे, गडबड माझ्या वायरिंगमध्ये आहे. बसा तिथंच!"

रविवारी चालली, आज का नाही? मध्ये काय झालं? बॅटरीची अर्थिंगची केबल धरून गाडीखाली शिरले आणि घोडं कुठं पेंड खातंय ते दिसलं. सगळी चासी लालभडक! बोल्ट लाल, नट लाल, आणि केबल जिथे चासीला टेकते तिथेही रंगाचा जाड थर. मी कंपनीत असताना कुणीतरी केबल सोडवून खाली छान रंग मारला होता आणि त्यावरच ती परत आवळली होती. रंगातून करंट जाणार कसा? टक् वाजण्यापुरता जायचा, मोटर फिरवण्याइतका नाही.

"हे कुणी केलं?" मी खालूनच ओरडले.

"मी," आई म्हणाली. "दसऱ्याला गंजकी गाडी पुजायची का? त्यांना बसायचं होतं तिच्यात."

तिच्या हातात आरतीचं ताट होतं आणि नखांत अजून लाल रंग. माझा राग जागच्या जागी विरला. म्हटलं, "रंग सुरेख झालाय गं. कुणीतरी पॉलिश पेपर द्या."

वरून दादांचा आवाज आला, "कप्प्यात हाय." आणि त्यांनीच डाव्या हाताने तो पॉइंट घासायचा जुना पेपर बाहेर काढला.

रंग खरवडून लोखंड उघडं केलं, केबल आवळली आणि केबिनच्या उघड्या दाराशी येऊन उभी राहिले. "दाबा, दादा."

त्यांनी दाबलं आणि गाडी अशी गरजली की आईच्या ताटातला दिवा विझला. दादा रडत होते, हसत होते, काय करत होते त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मी मात्र खाली बघत होते. अंगठा बटणावर गेला त्याच क्षणी त्यांच्या उजव्या पायाची बोटं, इतके महिने मेल्यासारखी पडलेली, मी मारलेल्या पत्र्यावर दाबली गेली होती. जिथे पूर्वी दट्ट्या होता, बरोबर तिथेच.

कुणाला बोलले नाही. भास असेल तर उगाच आशा कशाला लावा?

पण पुढच्या रविवारी पायाचा स्टार्टर एका फळीवर ठोकला, फळी दादांच्या खुर्चीपुढे पडवीत ठेवली आणि तिथून दोन तारा सोलेनॉइडपर्यंत ओढल्या. गाडी न्यूट्रलमध्ये, चाकांना मोठे दगड, चावी माझ्या खिशात, म्हणजे मोटर फिरेल पण इंजिन चालू होणार नाही. स्प्रिंगही बदलून हलकी घातली. ते दादांना सांगितलं नाही, सांगायची गरजही नाही. मॅडमना म्हटलं, आता हात ढकला म्हणू नका, हे दाबा म्हणा.

दादा खिडकीबाहेर बघायचे थांबले. दिवसभर त्या दट्ट्याकडे बघायचे आणि घाम येईपर्यंत तोंडातल्या तोंडात शिव्या द्यायचे. दिवाळी गेली. काही झालं नाही. आई म्हणाली, "उचल गं ती फळी, मला बघवत नाही." मी उद्या उचलते, उद्या उचलते करत राहिले.

मग थंडी पडली. एका सकाळी मी चहाला आधण ठेवलं होतं आणि अंगणात गाडी खाकरली. घर्रर्र. थांबली. पुन्हा घर्रर्र.

"अगं, गाडीत कोण बसलंय?" आई ओरडली.

गाडीत कुणीच नव्हतं. मी ओल्या हातांनी पडवीत धावले. दादा खुर्चीत ताठ बसले होते, चेहरा लाल झालेला, आणि उजवा पाय दट्ट्यावर. मी नुसती रडत उभी राहिले.

दादांनी माझ्याकडे रागाने बघितलं. "रडती काय? चावी दे."