पुरवणीत गेलेली तक्रार

"मॅडम, म्या कविता लिवलीच न्हाई."

फोनवरच्या माणसाच्या मागं जोरात घरघर चालू होती. "थांबा, गिरणी बंद करतो," तो म्हणाला. घरघर थांबली. "आता ऐका. म्या तक्रार लिवली व्हती. तुमी तिला कविता करून टाकलं."

सोमवारची सकाळ होती. आदल्या दिवशी आमच्या रविवार पुरवणीत त्याची कविता आली होती. वडाच्या झाडाचं छानसं रेखाचित्र टाकून मीच ती पानात लावली होती. कविता छापून आली की कवी आभाराचा फोन करतात, दहा अंक राखून ठेवायला सांगतात. भांडायला फोन करणारा हा पहिलाच.

मी नांदेडच्या एका दैनिकात सब-एडिटर आहे. सब-एडिटर म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेलं नीट करायचं, जागेत बसेल इतकं कापायचं आणि वर मथळा द्यायचा. माझ्याकडं वाचकांची पत्रं आणि रविवारच्या कविता, अशी दोन कामं आहेत. निलंग्याकडच्या एका खेड्यातून मी आले. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मीच पहिली. ज्या पेपरात माझं नावही नसतं, तोसुद्धा माझे वडील घडी घालून जपून ठेवतात. छापलेल्या अक्षरानं काम होतं, असा त्यांचा विश्वास आहे. माझाही होता.

फोन करणाऱ्याचं नाव गंगाधर पांचाळ. तेलंगणाच्या सीमेकडच्या एका गावात त्याची पिठाची गिरणी आहे. गावाचं आणि तिथल्या बस डेपोचं नाव सांगत नाही. तिकडच्या लोकांना रोज त्याच रस्त्यानं जायचंय. त्या गावाला एक मुक्कामी गाडी होती. मुक्कामी म्हणजे रात्री येऊन गावातच थांबणारी आणि सकाळी उजाडायच्या आत तालुक्याला निघणारी बस. गावातल्या मुली तिनं कॉलेजला जायच्या. दिवाळीनंतर डेपोनं ती बंद केली. दुसरी बस दुपारी होती. कॉलेज सुटायच्या वेळेला ती पोचवायची.

गंगाधरची मुलगी वैष्णवी अकरावी सायन्सला होती. "परीक्षेपस्तोर मावशीकडं ठेवली हाय," तो म्हणाला. "पर मावशीचंच घर दोन खोल्यांचं. जूनमधी गाडी न्हाई, तर बारावी न्हाई. अन् पोरगी घरी बसली की पाहुणे येऊन राहिले बगायला. एक तर परवाच येऊन पोहे खाऊन गेले."

"मग साधं पत्र का नाही पाठवलं?"

"चार पाठवले की!"

मी व्हॉट्सअ‍ॅप उघडून पाहिलं. खरंच पाठवली होती. मी ती पानात लावलीही होती. पण आमच्याकडं संध्याकाळी उशिरा जाहिरात आली की सगळ्यात आधी वाचकांची पत्रं उडतात, आणि आमच्या जिल्ह्यात नेत्यांचे वाढदिवस फार. त्या चारही दिवशी कुणी ना कुणी जन्मलं होतं. कवितेचं तसं नसतं. कविता म्हणजे आमच्या भाषेत फिलर. पान लावताना खाली चार बोटं जागा उरली की तिथं कविता बसते. गंगाधर गिरणीवर बसून रोज पेपर वाचायचा. त्यानं महिनाभर पाहून निष्कर्ष काढला होता.

"तुमी तक्रार छापीत न्हाई, कविता छापता. मंग म्या यमक लावलं."

त्याची कविता अशी होती:

वडाखाली झोपायची तू,
गाव निजायचं सुखानं;
पहाटेला तू खोकलीस की
चूल पेटायची नेमानं.

आता वड हाय, पार हाय,
दप्तर खुंटीला लटकलं;
सांग बाई, येशील कधी?
कुठं तुझं अडकलं?

याच्या पुढं तिसरं कडवं होतं. त्यात गावाचं नाव, बसची वेळ आणि डेपो मॅनेजरला विनंती होती. ते आमचे निवासी संपादक बिराजदार सर यांनी काढलं. सर उदगीरचे, मराठीचे एम. ए., माणूस अतिशय चांगला. "अनिता, स्थानिक संदर्भामुळं कविता लहान होते," ते म्हणाले होते. "हे काढलं की बघ कशी वैश्विक झाली."

कविता वैश्विक झाली. ती बसविषयी आहे हे आता कुणालाच कळायचं कारण उरलं नाही. त्या आठवड्यात पुरवणीला कधी नव्हे एवढी पत्रं आली. लातूरच्या एका प्राध्यापकांनी लिहिलं की ही गेलेल्या आईला घातलेली हाक आहे. एका वाचकाच्या मते ती गोदावरी होती. एका ताईंनी कविता वाचून रडू आल्याचं कळवलं आणि सोबत स्वतःच्या सहा कविता पाठवल्या. ही सगळी पत्रं छापून आली, कारण त्या आठवड्यात कुणाचा वाढदिवस नव्हता.

मी गंगाधरला सांगितलं की निदान चर्चा तर होतेय. डेपोपर्यंत पोचेलच.

डेपोपर्यंत ती पोचली. फेब्रुवारीच्या शेवटी मराठी भाषा दिन आला. आमच्या तालुका प्रतिनिधीनं फोटोसह बातमी पाठवली. डेपोत कार्यक्रम झाला होता. डेपो मॅनेजरांनी स्वतः गंगाधरची कविता म्हणून दाखवली होती आणि कवीला बोलावून शाल, श्रीफळ दिलं होतं. फोटोत गंगाधर शाल पांघरून, डोळे बारीक करून उभा होता.

मी लगेच फोन लावला. "तिथं बोललात की नाही बसचं?"

"बोललो की! माइकवरच इचारलं, साहेब, ते समदं खरं, पर गाडी कवा सोडता? लोक लई हसले. साहेब म्हणले, वा! काय हजरजबाबी कवी हाय!"

"मग?"

"मंग काय, च्या पेलो. येताना जीपमधी बसलो. गाडी कुठं हाय?"

मला वाईट वाटलं, आणि कोडंही पडलं. आमच्या पेपरात एखाद्या रस्त्याच्या खड्ड्याची दोन ओळींची बातमी आली तरी दुसऱ्या दिवशी संबंधित ऑफिसचा फोन येतो. इथं अख्खी पुरवणी गाजली आणि कुणी हललं नाही. मी बसच्या विभागीय कार्यालयातल्या एका ओळखीच्या बाबूंना विचारलं.

त्यांनी शांतपणे समजावलं. त्यांच्याकडं सकाळी सगळे पेपर येतात. त्यात आपल्या खात्याविषयी काही असेल तर त्याचं कात्रण कापतात. कात्रणावर 'खुलासा करावा' असा शेरा मारून ते डेपोला जातं. खुलासा म्हणजे वरच्यांना लेखी उत्तर. तो दिल्याशिवाय डेपो मॅनेजरची सुटका नसते.

"मग या कवितेचं कात्रण नाही गेलं?"

"कोणत्या पानावर होती?"

"रविवारच्या पुरवणीत."

"पुरवणी आम्ही बघत नाही मॅडम," ते म्हणाले. "तिथं साहित्य असतं."

मी सरांकडं गेले. म्हटलं, गंगाधरचा मजकूर मला वाचकांच्या पत्रांत घ्यायचाय.

"एकदा छापलेलं आपण परत छापत नाही, अनिता."

"सर, आपण कविता छापली. तक्रार अजून कुठं छापली?"

सर चष्मा काढून पुसत बसले. त्यांना ती कविता मनापासून आवडली होती. "म्हणजे तू तिचं गद्य करणार?"

"हो."

"अरेरे," ते म्हणाले. मग म्हणाले, "कर. पण पूर्ण कर. अर्धवट काव्यमय ठेवू नकोस. त्यातला एक शब्द जरी सुंदर राहिला तरी ते लोक पुन्हा शाल घेऊन येतील."

लेखकाची परवानगी हवी होती. मी गंगाधरला फोन केला. ज्या माणसानं 'म्या कविता लिवलीच न्हाई' म्हणून माझ्याशी भांडण काढलं होतं, तो आता जरा सावकाश बोलायला लागला होता. मधल्या काळात देगलूरच्या एका कविसंमेलनाचं त्याला बोलावणं आलं होतं. गिरणीत शाल भिंतीला लावली होती.

"गद्य म्हंजे साधं लिवायचं?"

"हो. बस बंद आहे, मुली घरी बसतील, बस सुरू करा. एवढंच."

"यमक मोडंल की, मॅडम."

"मोडावंच लागेल."

"खोकलीस ते तरी ऱ्हाऊ द्या. लोकायला लई आवडलंय ते."

तेवढ्यात गंगाधरच्या हातातून कुणीतरी फोन घेतला.

"मॅडम, मी वैष्णवी. मोडा यमक."

"अगं, पण..." मागून गंगाधरचा आवाज आला.

"बाबा, तुमचं यमक ठिवा भिंतीला शालीशेजारी. मला बारावी करायची हाय." मग मला म्हणाली, "मॅडम, अजून एक लिवा. सकाळच्या गाडीनं जाणाऱ्या समद्या पोरींची नावं हवीत का? मी जमवून देते. सह्या पण देते."

तिनं संध्याकाळपर्यंत सह्यांचा फोटो पाठवला.

पत्र मी पाच ओळींचं केलं. मथळा दिला, 'मुक्कामी बस सुरू करा'. गावाचं नाव, वेळ, बंद झाल्याचा महिना, मुलींच्या सह्या. वाचून कुणाला आईची आठवण येण्याचा काहीही धोका नव्हता. त्या संध्याकाळी एका नेत्याच्या वाढदिवसाची जाहिरात आलीच. पत्रं उडवायला पान लावणाऱ्या ऑपरेटरनं हात घातला, तेव्हा सर केबिनमधून बाहेर आले आणि म्हणाले, "साहेबांचा फोटो दोन सेंटिमीटर लहान कर. ते आधीच मोठे आहेत."

पत्र छापून आलं. कात्रण गेलं. चौथ्या की पाचव्या दिवशी डेपो मॅनेजरांचा मला फोन आला. ते रागावले नव्हते. दुखावले होते.

"मॅडम, गंगाधररावांनी आमच्याविरुद्ध तक्रार केली?"

"त्यांनी आधीपासून तीच केली होती, सर."

"अहो, त्यांची कविता मला पाठ आहे! मी स्टाफला म्हणून दाखवली. शाल माझ्या खिशातून दिली. एवढा मान दिल्यावर माणूस असं लिहितो का?"

"सर, त्या कवितेत काय होतं?"

ते फोनवरच कविता पुटपुटायला लागले. 'पहाटेला तू खोकलीस'पाशी अडखळले.

"हां," ते म्हणाले. "म्हणजे ती गाडी होय!"

खुलासा लेखी आला. प्रवासी कमी म्हणून फेरी बंद केली होती. मात्र विद्यार्थिनींची गैरसोय लक्षात घेऊन ती नवीन शैक्षणिक वर्षापासून पूर्ववत करण्यात येत आहे. जूनमध्ये गाडी सुरू झाली. पहिल्या आठवड्यात दोनदा आली नाही. तेव्हा वैष्णवीनं वडिलांना न विचारता मला तीन ओळींचं पत्र पाठवलं. त्यात यमक नव्हतं. गाडी नियमित झाली. आता ती बारावीला आहे. पाहुण्यांना परीक्षा झाल्यावर या म्हणून सांगितलंय, आणि कोणती परीक्षा ते तिनं अजून सांगितलेलं नाही.

गंगाधर दर आठवड्याला कविता पाठवतो. ढगांवर, पाखरांवर, एक चंद्रावर. मी त्या जागा उरेल तशा छापते. मात्र कुणाचीही कविता आली की मी आता आधी फोन करून विचारते, "यात तुम्हाला नेमकं काय पाहिजे आहे?" बहुतेकांना मानधन पाहिजे असतं. ते आम्ही देत नाही. पण कधीकधी कुणीतरी म्हणतं, नळाला पाणी. मग मी म्हणते, एवढं छान लिहू नका, साधं लिहून पाठवा.

यंदाच्या मराठी भाषा दिनाला डेपोनं गंगाधरला बोलावलं नाही. या वेळी जायला गाडी होती.